अकरा नंबर, तीन पैकी तीन

आमच्या बेलापूरच्या सोसायटीतली माणसं नैनितालला फिरायला गेली, असं मी कधी म्हणत नाही. गेली ती सोसायटी. तिचा सेक्रेटरी, तिचा खजिनदार, लाल कापडी बांधणीची इतिवृत्ताची वही, नियम आणि उपनियम, असं सगळं बिऱ्हाड काठगोदामपर्यंत आगगाडीनं आणि तिथून वर बसनं गेलं. वर एक मोठं तळं होतं, तळ्याभोवती उभे डोंगर होते, आणि आमच्या मंडळींनी पाच दिवस त्या डोंगरांसमोर सभा भरवल्या.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या एका मे महिन्यातली ही गोष्ट. मी एस.वाय.ला होते. घरात आम्ही तिघं: बाबा, आई आणि मी. पण सोसायटीत आम्ही तिघं नव्हतोच, आम्ही अकरा नंबर होतो. आमच्याकडे माणसांना फ्लॅटच्या नंबरानंच ओळखायचे. चारच्या वहिनी, सातवाले, एक नंबरचे काका. नवीन शहर, कोणी कोकणातून आलेलं, कोणी साताऱ्याकडून, कोणी गिरगावची चाळ सोडून. एकमेकांची आडनावं पाठ होण्याआधी नंबर पाठ झाले, आणि मग कोणी पुढची मेहनत घेतली नाही.

मी इंग्लिश मीडियमची, आणि गप्प. या दोन गोष्टी एकत्र आल्या की मुलीला 'शिष्ट' म्हणतात. जिन्यात कोणी भेटलं की ठरलेला विनोद व्हायचा. "काय गं, एकोणसाठ म्हणजे किती?" मी फिफ्टी नाइन म्हणायचे. "अरे वा, आलं की!" मग दोन पायऱ्या खाली उतरून, "आणि एकोणऐंशी?" माणसं इतक्या वर्षांत एका आकड्यावरून दुसऱ्या आकड्यावर गेली, याहून अधिक प्रगती मी पाहिली नाही.

मात्र इंग्लिश पत्र लिहायचं असलं की सेक्रेटरी काका आमच्या दारात. ते एका सरकारी कचेरीत होते आणि घरीही कचेरीतल्यासारखंच बोलत. नैनितालच्या हॉटेलांना खोल्यांसाठी पत्रं पाठवायची होती. ते मराठीत सांगत, मी इंग्लिशमध्ये लिहायचे.

"शेवटी लिही, कळावे, लोभ असावा."

"ते इंग्लिशमध्ये नसतं, काका."

"नसतं कसं? लिही. खोल्या जरा बऱ्या देतील."

मी 'युअर्स फेथफुली' लिहिलं आणि लोभ असावा असंच लिहिलंय म्हणून सांगितलं. त्यांनी समाधानानं सही केली.

त्या तीन पत्रांबरोबर मी चौथं पत्र टाकलं, माझं. एका हॉटेलच्या माहितीपत्रकात खाली बारीक अक्षरांत छापलं होतं की तिथल्या एका संस्थेतर्फे नवख्या लोकांना दोर लावून कड्यावर चढायला शिकवतात. मी नववीत असताना आमच्या शाळेनं असं एक शिबिर नेलं होतं. पालकांच्या सहीचा फॉर्म घरी आणला तर बाबा म्हणाले, "गुडघे फुटले तर उद्या कोण बघणार आहे?" बघणार कोण हे मला तेव्हा कळलं नाही, आणि कळलं तेव्हा फार राग आला. तो कोरा फॉर्म मी अजून ठेवला होता. आमच्या गॅलरीतून खारघरचा डोंगर दिसे. दुपारी तिकडे सुरुंग लागायचे, कपाटातल्या कपबशा किणकिणायच्या आणि आई उठून काचेवर हात ठेवायची. डोंगर म्हणजे आमच्याकडे खडी. मला आयुष्यात एकदा तरी न फुटणाऱ्या दगडाला हात लावायचा होता. एवढंच हवं होतं, पण ते फार हवं होतं.

उत्तर पोस्टकार्डावर आलं. जिन्याखालच्या पेटीतून ते कोणाच्या हाती लागू नये म्हणून आठ दिवस मी पोस्टमनची वाट बघत खाली उभी राहिले. दोनच ओळी होत्या. रोज सकाळी सात वाजता, घोड्यांच्या तळाच्या वर, कड्यापाशी. कॅनव्हासचे बूट घालून या. मी बूट घेतले आणि पोस्टकार्ड फिजिक्सच्या पुस्तकात ठेवलं. तिथे कोणी बघणार नव्हतं.

तळं पहिल्यांदा दिसलं तेव्हा बसमध्ये क्षणभर सगळे गप्प झाले. हिरवंगार, लांबट, डोंगरांच्या कुशीत बसलेलं पाणी. मला वाटलं, निदान आता. तेवढ्यात सातवाले काका म्हणाले, "एवढंच? आपली वाशीची खाडी याच्या चौपट आहे."

"आणि फुकट आहे," चारच्या वहिनी म्हणाल्या. बस हसली. पुढचे पाच दिवस प्रत्येक गोष्ट अशीच वाशीशी मोजली गेली. थंडी वाशीच्या डिसेंबरएवढी, बाजार सेक्टर सतराएवढा, आणि देवीचं देऊळ मात्र बरं, म्हणजे वाशीत नाही तसं.

रोज सकाळी बस निघण्याआधी हजेरी. सेक्रेटरी काका दारात वही घेऊन उभे राहत आणि नंबर पुकारत. "एक!" "दोन पैकी दोन!" "चार!" "चार पैकी चार!" डोकी ते मोजत नसत. सभासदानं शब्द दिला म्हणजे झालं, सभासदाच्या शब्दावर सोसायटी चालते, असं ते म्हणत. पुरुष पुढे बसत, पत्ते मांडून. बायका आणि मुली मागे, चिवड्याच्या डब्यांबरोबर. मागून पुढचं दिसायचं ते टक्कल, आणि पुढून मागचं कोणी बघायचंच नाही.

नावेत बसायचं तर त्याचाही ठराव झाला. तळमजला पहिल्या नावेत, पहिला मजला दुसऱ्या. एक नंबरचे काका आमच्या नावेत आले, कारण त्यांच्या नावेत शेवटच्या क्षणी खजिनदारांची सासू बसली. हे काका मूळ बेलापूरचेच, आगरी. ज्या जमिनीवर आमची इमारत उभी आहे तिथे त्यांच्या वडिलांची भातशेती होती. सोसायटी त्यांच्याशी फार आदरानं वागे आणि त्यांच्या पाठीमागे त्यांच्या भाषेची नक्कल करी. त्यांनी नावेतून हात बाहेर टाकला आणि पाणी चाखून बघावं तसे बोटांकडे बघत राहिले.

"या पान्याला भरती नाय, वैनी," ते आईला म्हणाले. "एकाच जागी हाय. कटालत नसंल याला?"

आई हसली. आई प्रवासात हसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. मग ते नावाड्याच्या डोक्यावरून डोंगराकडे बघून म्हणाले, "आमचा डोंगर फोरून तुमच्या बिल्डिंगी बांधल्या, नि आता डोंगर बगाला एवरे लांब आयलाव!" यावर कोणी हसलं नाही. बाबांनी घसा साफ केला आणि नावाड्याला तळ्याची खोली विचारली.

तिसऱ्या दिवशी रोपवेच्या पाळण्यातून वर नेलं, बर्फाची शिखरं दाखवायला. मे महिन्यात तिथे धुरकट असतं. समोर राखाडी भिंत होती, तिच्यात शिखरं असलीच तर ती आत होती. एक माणूस दुर्बीण लावून बसला होता. सेक्रेटरी काकांनी डोळा लावला. बराच वेळ लावला. मी त्यांच्याकडे बघत होते. आता काय म्हणतील हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"वा!" ते म्हणाले.

झालं. त्यांच्या मागून एकेकानं डोळा लावला आणि एकेकानं वा म्हटलं. सातवाल्यांना तर एक गिर्यारोहकही दिसला. बाबा म्हणाले, "क्लिअर. एकदम क्लिअर." माझी पाळी आली. आत पांढुरकं काहीतरी होतं, डोळ्यासमोर पदर धरावा तसं. मी बाजूला झाले. "दिसलं?" बाबांनी विचारलं. मी मान हलवली, कुठल्याही दिशेनं समजता येईल अशी. त्यात माझा हातखंडा होता, आणि त्याबद्दल मला माझाही तिटकारा यायचा.

आईनं सगळ्यांत शेवटी बघितलं. खाली उतरताना माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "धूरच होता की गं नुसता."

"मग म्हणाली का नाहीस?"

"कोणी विचारलं कुठे मला?"

चौथ्या रात्री जेवणानंतर हॉटेलच्या दालनात सभा. विषय, उद्याचा कार्यक्रम. उद्याचा म्हणजे शेवटचा पूर्ण दिवस. रोज सकाळी सातला त्या कड्यापाशी माणसं चढत होती आणि रोज सकाळी सातला मी हजेरीसाठी उभी होते. आता एकच सकाळ उरली होती. सेक्रेटरी काकांनी वाचून दाखवलं की उद्या सकाळी सात वाजता बस सुटेल, भीमताल, सातताल आणि नौकुचियाताल करून सायंकाळी परत येईल, आणि बस पूर्ण घेतली असल्यामुळे सर्वांना येणे बंधनकारक राहील.

"एक तळं बघितलं, बाकीची वेगळी काय असणारेत?" चारच्या वहिनी.

"वहिनी, पॉइंट आहेत ते. सुटले तर लोक विचारतील."

"कोण लोक?"

"वाशीतले," सातवाले म्हणाले. पुन्हा हशा.

"कोणाची काही सूचना?" सेक्रेटरी काकांनी चष्म्यावरून सगळ्यांकडे बघितलं.

माझा हात मांडीखाली होता. मी मनात वाक्य तयार केलं होतं. मला उद्या दुसरीकडे जायचं आहे. एवढं साधं. इंग्लिशमध्येही तयार होतं, मराठीतही. मी ते वीस माणसांसमोर म्हटलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, कुठे? मग, कशाला? मग कोणीतरी म्हटलं असतं, अगं पण एकोणसाठ म्हणजे किती ते तरी सांगून जा. आणि बाबांचे कान लाल झाले असते. मी हात काढला नाही. "सर्वानुमते मंजूर," काका म्हणाले. त्या सर्वानुमतात माझंही मत धरलेलं होतं. एखाद्या सभेचा मला कधी इतका राग आला नाही, आणि मीही त्या सभेसारखीच झाले, असंही कधी इतकं वाटलं नाही.

खोलीत आल्यावर मी बूट पिशवीतून काढून खाटेखाली ठेवले. आई केसांचा अंबाडा सोडत होती. तिनं बूट बघितले. 

पहाटे बाबा गरम पाण्यावरून हॉटेलवाल्याशी भांडायला खाली गेले होते. ते रोजचं होतं, निघेपर्यंत चालायचं. मी उठले, पोस्टकार्ड खिशात घातलं, आणि उशीवर चिठ्ठी ठेवली. ती इंग्लिशमध्ये लिहिली होती. मराठीत लिहायला गेले तर शेवटी माफी मागितली जात होती. दाराची कडी काढताना मागे बघितलं. आई पांघरुणात, डोळे उघडे.

मी थांबले. ती आता नाही म्हणाली असती तर मी बूट काढून ठेवले असते, हे मला माहीत होतं आणि तिलाही.

"मोजे घातलेस का?" ती म्हणाली.

"हो."

तिनं कूस बदलली.

कडा काही भयंकर नव्हता. शाळेतली मुलं सराव करतात असा, दोन मजल्यांहून थोडा उंच. पण खाली उभं राहिल्यावर दोन मजले हे फार वेगळं माप आहे. तिथे तिथल्याच दोन मुली होत्या, शाळेच्या स्वेटरमधल्या, आणि दोर सांभाळणारे एक उस्ताद. त्यांनी माझं नाव विचारलं नाही. मी पोस्टकार्ड पुढे केलं तर वाचलंही नाही. कमरेला दोर बांधला, दोनदा ओढून बघितला आणि म्हणाले, "तीन पकड़ के रखिए, एक हिलाइए. दो हाथ, दो पैर. एक बार में एक. बस."

एवढी छोटी सूचना मी चार दिवसांत ऐकली नव्हती.

पहिल्यांदा मी छातीएवढ्या उंचीवरून घसरले आणि दोरावर लोंबकळले. कोपर सोललं. स्वेटरमधल्या मुली हसल्या नाहीत. त्यांच्यातल्या एकीनं फक्त माझ्या डाव्या पायाखालची खाच बोटानं दाखवली. दुसऱ्यांदा मी अर्ध्यावर गेले आणि तिथे अडकले. वर हाताला काही लागेना, खाली बघवेना. गाल दगडाला टेकलेला. दगड थंड होता आणि त्याला ओल्या मातीचा वास होता, आणि तो जरासुद्धा हलत नव्हता. मी किती वेळ तशी राहिले कोण जाणे. खालून कोणी घाई केली नाही, सल्ला दिला नाही, वाशीत काय असतं ते सांगितलं नाही. उस्ताद दोर ताणून धरून विडी ओढत होते. मग उजवा हात आपोआप वर सरकला आणि एक कड बोटांत आली.

वर पोचले तेव्हा गुडघे दोन्ही फुटले होते. वरून बर्फ दिसत नव्हता. धूर. खाली तळ्याचा एक तुकडा आणि रस्त्यावर कुणाची तरी बस. मी बसून राहिले आणि मला हसू येत होतं, कोणाला दाखवायचं नसलेलं. त्या दिवशी मी तो कडा चार वेळा चढले. दुपारी त्या मुलींनी उकडलेले बटाटे आणि मीठ दिलं. आम्ही तिघी फारसं बोललो नाही. न बोलणाऱ्या माणसांत बसणं किती सोपं असतं!

संध्याकाळी बस आली. हॉटेलच्या पायऱ्यांवर मी उभी होते. सगळ्यांत आधी एक नंबरचे काका उतरले. माझ्या गुडघ्यांकडे बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "पोरी, तुझी आयस मोठी बाई हाय."

झालं ते असं. सकाळी सेक्रेटरी काकांनी "अकरा!" पुकारलं तेव्हा बाबा खाली काउंटरवर बादलीबद्दल बोलत होते. मागच्या सीटवरून आई उठली आणि म्हणाली, "तीन पैकी तीन." बाबा आले, पुढे बसले, पत्ते वाटले गेले. एक तळं झालं, दुसरं तळं झालं. दुसऱ्या तळ्याशी सगळ्यांचा फोटो काढायचा ठरला, प्रत्येक फ्लॅट एकत्र उभा राहील असा, आणि अकरा नंबरात दोनच निघाले. निम्मा दिवस मी नाही हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्याचं मला वाईट वाटलं नाही. माझ्या अंदाजापेक्षा ते थोडं लवकरच लक्षात आलं.

मग तळ्याच्या काठावर तातडीची सभा. मुलगी कुठे आहे, कशी आहे, हे आईनं माझ्या चिठ्ठीवरून एका वाक्यात सांगितलं होतं. "दगडावर चढायला गेली आहे, मला माहीत आहे." त्यामुळे त्या बाबतीत सभेपुढे विषय उरला नाही. विषय होता चुकीची हजेरी.

ठराव रात्री जेवणाआधी मला उद्देशून वाचण्यात आला. "फ्लॅट क्रमांक अकरा यांनी चुकीची हजेरी दिल्याबद्दल ही सभा तीव्र नापसंती व्यक्त करीत आहे."

"हजेरी मी दिली," आई म्हणाली. "माझं नाव घाला."

सेक्रेटरी काकांनी पेन ठेवलं. "वहिनी, तांत्रिक अडचण आहे. फ्लॅट तुमच्या मिस्टरांच्या नावावर आहे. तुम्ही सभासद नाही. तुम्ही दिलेली हजेरी मुळात ग्राह्यच नाही."

"मग चुकीची कशी झाली?"

 सातवाल्यांनी एक बटाटेवडा उचलला होता, तो हातातच राहिला.

"आणि खोटं काय बोलले मी? अकरा नंबर किती, असं तुम्ही विचारता. तीनच आहोत आम्ही. कोण कुठे आहे, हे तुम्ही कधी विचारलंत?"

बाबांचे कान लाल झाले होते. ते खोलीत आल्यावर म्हणाले, "वहीत नंबर लागला आपला." माझे गुडघे त्यांच्यासमोर होते. आयोडीन लावून ते पिवळे दिसत होते. फुटले तर कोण बघणार, याचं उत्तर बाबांनी तरी दिलं नाही. आईनं बघितले, फुंकर घातली आणि विचारलं, "वरपर्यंत गेलीस?"

"चार वेळा."

"दिसला का गं बर्फ?"

"नाही. धूर होता."

"हं," ती म्हणाली, आणि उरलेलं आयोडीन कोपराला लावलं.

पावसाळ्यानंतरच्या वार्षिक सभेत ते इतिवृत्त वाचून कायम करण्यात आलं. मी दारात उभी राहून ऐकलं. नापसंतीचा ठराव होता, शब्दाला शब्द. आणि त्याच्या वर, त्याच दिवसाच्या हजेरीत, सेक्रेटरी काकांच्या सुवाच्य अक्षरात, अकरा: तीन पैकी तीन. ग्राह्य नसलेली ती हजेरी खोडायची राहूनच गेली होती. कोणाच्या ध्यानात आलं नाही. सगळ्यांनी हात वर केले. सभासद नसल्यामुळे आई मागच्या भिंतीशी चहाचे कप भरत होती. तिनं किटली खाली ठेवली नाही. माझ्याकडे बघून फक्त भुवया उंचावल्या, आणि पुढचा कप भरला.